ताडून पाहिले, बरोबर आहे

मी उभ्या नोकरीत स्वतःच्या मनाने एक रेघ काढलेली नाही. हे मी लाजून सांगत नाही, अभिमानाने सांगतो. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं मी अनुरेखक होतो. अनुरेखक म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यांची रेघ जशीच्या तशी गिरवणारा माणूस. या नोकरीत स्वतःच्या मनाने रेघ काढणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळते, आणि मला निवृत्तीपर्यंत एकही नोटीस मिळाली नव्हती. मिळाली ती नंतर. तीच हकीकत सांगतो आहे.

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की मूळ कागदावर जे आहे ते प्रतीत आलंच पाहिजे. का आहे, कसं आहे, असले प्रश्न अनुरेखकाने विचारायचे नसतात. एकदा साहेबांचा चहाचा कप नकाशावर टेकला आणि कागदावर गोल डाग पडला. मी तो गोल गिरवला. पुढे अकरा वर्षं त्या जागी खात्याची एक टाकी होती. तिची दरवर्षी साफसफाई व्हायची, तसे अहवाल यायचे, आणि एका पावसाळ्यानंतर तिला गळती लागल्याचंही कळलं. मी काही बोललो नाही, कारण बोलणं हे माझ्या हुद्द्यात बसत नव्हतं.

दुसरा नियम चौकटीचा. प्रत्येक प्रतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखायची, तीत प्रतीचा क्रमांक घालायचा आणि लिहायचं, ‘प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. बरोबर आहे.’ खाली सही, हुद्दा, दिनांक. आता प्रत्यक्ष जागेवर आमच्यापैकी कोण कधी गेलं होतं, असं विचारण्याइतका असभ्य माणूस खात्यात नव्हता. ते वाक्य मी खुर्चीत बसूनच लिहायचो. चौतीस वर्षांत किती हजार वेळा लिहिलं असेल देव जाणे. शेवटी शेवटी तर असं झालं होतं, की कागद संपत आला की हात आपोआप कोपऱ्याकडे वळायचा. मुलीच्या शाळेच्या रजेच्या अर्जावरही मी एकदा ते लिहिलं होतं, आणि बाईंनी तिला ताप खरंच होता का, असं वर्गात विचारलं होतं.

तर निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात बायको म्हणाली, “अहो, मला आजोबांचं एक चित्र हवं आहे. भिंतीवर लावायला.”

लग्नाला एकतीस वर्षं झाली, एवढ्या काळात तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातल्या दोन मी आणून दिल्या होत्या आणि दोन्ही बदलून आणाव्या लागल्या होत्या. त्यामुळे मी जरा सावरूनच बसलो.

तिचे आजोबा, म्हणजे माझे आजेसासरे, सत्तर वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात चित्रं काढत. कारभाऱ्यांची टिंगल करणारी, रंगीत, पानभर. त्या काळी शहराचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांना कारभारीसाहेब म्हणत. एका चित्रावरून छापखान्याला कुलूप लागलं आणि आजेसासऱ्यांना दोन वर्षं आत घातलं. बाहेर आले तेव्हा उजव्या हाताची बोटं मिटलेली होती आणि ती पुन्हा कधी उघडली नाहीत. कोणी केलं, कसं केलं, ते त्यांनी सांगितलं नाही. बायकोला त्यांची एकच आठवण आहे. ती पाच-सहा वर्षांची असताना ते तिचं बोट त्या मिटलेल्या मुठीत अडकवून तिला चालायला नेत. चित्रं आजीने सगळी चुलीत घातली होती. नुसती घातली नाहीत, तर पुढे कोणी विचारलं तर सांगायची, “कसली चित्रं? ते कारकून होते.” बायकोने लहानपणी अनेकदा विचारलं आणि दर वेळी तिला हेच उत्तर मिळालं. आजीशी ती शेवटपर्यंत नीट बोलली नाही. तिच्या आजारपणात सगळं केलं, पण बोलली नाही.

त्या साप्ताहिकाचा एकच बांधीव खंड शहराच्या ग्रंथालयात शिल्लक होता. तो घरी देत नसत. तेव्हा चित्र हवं तर ते तिथे बसून हाताने उतरवणं आलं, आणि उतरवणं हे तर माझं जन्माचं काम. मी म्हटलं, “आठ दिवसांत देतो.” हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं, ते मुद्दाम नमूद करतो.

ग्रंथालयातल्या बाईंनी माझ्यापुढे नियमांचा कागद ठेवला. पुस्तकाला पेन्सिल लावू नये, कागद लावू नये, कॅमेरा लावू नये आणि शक्यतो हातही लावू नये. पानं उलटायला त्या स्वतः येत. म्हणजे पारदर्शक कागद वर ठेवून गिरवणं गेलंच. मी मग घरी एक लाकडी चौकट केली, तिला इंचाइंचावर दोरे ताणले आणि ती पानावर चार बोटं अधांतरी राहील अशी उभी केली. एकेक चौकोन पाहून कागदावर उतरवायचा. ही युक्ती पाहून बाई म्हणाल्या, की नियमात दोऱ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून हरकत घेता येत नाही. मात्र पुढच्या वर्षी लिहिलेलं असेल.

चित्र असं होतं. भल्यामोठ्या टबात कारभारीसाहेब आंघोळीला बसले आहेत. तीन हनुवट्या, टक्कल, डोळे सुखाने मिटलेले. टब उंच चौथऱ्यावर आहे आणि त्याच्या तळाला एक भोक आहे. त्या भोकाखाली शहरातले लोक घागरी, बादल्या, तपेली घेऊन रांगेत उभे आहेत. रांग मागे डोंगरापर्यंत गेली आहे. आणि साहेबांनी त्या भोकात पायाचा अंगठा घालून ठेवला आहे. खाली ओळ होती, ‘गर्दी करू नये. साहेबांचे अजून भिजणे चालू आहे.’

मी पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि हसलो. मग त्या अंगठ्याकडे पाहिलं. सगळ्या चित्रात सर्वांत जीव लावून काढलेली गोष्ट ती होती. नख, नखाखालची घडी, भोकाच्या कडेला जरासं दबलेलं मांस. ज्याने हे काढलं त्याच्या बोटांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक होतं. माझं हसू तिथेच थांबलं.

आठ दिवसांचे चाळीस झाले. टब पहिल्याच फटक्यात उत्तम आला, प्रमाणबद्ध, कोणीही त्यावरून टब बांधावा असा. भोक तर नळाच्या व्यासासकट बरोबर. साहेब मात्र येईनात. चौतीस वर्षं सरळ नळ्या गिरवलेला हात माझा, त्याला पोटाचा गोल जमेना. पहिल्या खेपेला साहेब एखाद्या मोठ्या झडपेसारखे दिसत होते. बायको बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “छान आहे. पण हे कोण?”

आणि मग शेजारी आले. आमच्या समोरच्या दारात जे राहतात त्यांना सगळी इमारत सल्लागार म्हणते. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत, परंतु सल्ला देण्यातून झालेले नाहीत. त्यांनी सांगितलं, की पोट काढायचं असेल तर आधी स्वतःचं पोट आरशात पाहा. मी पाहिलं. बायको नेमकी तेव्हाच खोलीत आली. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं म्हणणं पडलं, की माणसाच्या कातडीचा रंग करताना त्यात थोडा हिरवा घालतात. घातला, तर साहेब आठवडाभर पाण्यात राहिल्यासारखे दिसू लागले. कोणी म्हणालं मिशा द्या, कोणी म्हणालं टबावर फुलं काढा. हे दोन्ही मी नुसतं ऐकून घेतलं आणि केलं नाही, कारण मूळ कागदावर ना मिशा होत्या ना फुलं. जे आहे ते आणि तेवढंच.

या तत्त्वानेच माझा घात केला. सत्तर वर्षांत मुळातला निळा रंग विटून पाणी तपकिरी झालं होतं. मी पाणी तपकिरी रंगवलं. कसरीने पानाला एक बारीक भोक पाडलं होतं, ते नेमकं साहेबांच्या डाव्या नाकपुडीशेजारी. मी तिथे तेवढ्याच आकाराचा काळा ठिपका दिला. आणि चित्र पुरं झालं, चाळिसाव्या दिवशी, हुबेहूब. मी आनंदाने हात मागे घेतला. हात कोपऱ्यात गेला, चौकट आखली आणि लिहिलं, ‘प्रत क्र. १. प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. बरोबर आहे.’ सही. निवृत्त अनुरेखक, पाणीपुरवठा खाते. आजची तारीख.

देवाशपथ सांगतो, लिहिलं हे माझ्या लक्षातही आलं नाही.

चित्र पाहून बायको रडली नाही. ती तशी रडणारी नाही. तिने फक्त अंगठ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. म्हणाली, “हे त्यांनी काढलं होतं.” मी म्हटलं, हो. तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे काढत होते.” एकतीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं समाधानी पाहिलेलं नव्हतं.

फ्रेमवाल्याने तीन दिवस मागितले आणि ते तीन दिवस चित्र दुकानाच्या काचेत ठेवलं. का, तर फ्रेमचा रंग वाळावा म्हणून. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर दुकानापुढे माणसं उभी. जो तो त्या टबात आपापला माणूस पाहत होता. एकाला त्यात त्याचा साहेब दिसला, एकाला घरमालक. आमच्या सल्लागारांना तर त्यांचे सासरे दिसले आणि ते डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, “मला एक प्रत हवीच. हिला दाखवणार नाही, पण हवी.”

इथे माझं चुकलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या हाताचं काही मागत होते. नळ्यांचे नकाशे कधी कोणी घरात लावायला मागितले नव्हते. मी पैसे घेणार नाही म्हटलं, म्हणजे आणखीच थोर झालो. दोन महिन्यांत अकरा प्रती रंगवल्या. आता मला पोट जमू लागलं होतं. रंग मिसळताना मी मान तिरकी करून पाहू लागलो. मुलगी रविवारी आली की म्हणायची, “बाबा, तुम्ही फार कलाकारासारखे वागायला लागलात.” मी त्यावर अंमळ हसायचो, ते हसूही मी आरशात बसवलेलं होतं. प्रत्येक प्रतीवर क्रमांक, चौकट, वाक्य, सही. आणि खात्याच्या शिस्तीप्रमाणे एका वहीत नोंद, की कोणती प्रत कोणाकडे गेली, पत्त्यासकट.

त्या वर्षी पाणी कमी होतं. आधी दिवसाआड झालं, मग चार दिवसांनी आणि जे यायचं ते तपकिरी यायचं. जुन्या बाजाराकडच्या सार्वजनिक नळाला तर तीन आठवडे थेंब नव्हता. एका सकाळी कोणीतरी प्रत क्रमांक सात त्या नळावर नेऊन टांगली.

संध्याकाळपर्यंत शहरभर झालं, की टबात बसले आहेत ते शहराचा कारभार पाहणारे सध्याचे अध्यक्ष. आमच्या अध्यक्षांच्या डाव्या नाकपुडीशेजारी चामखीळ आहे. मी शपथेवर सांगतो, मी त्यांना कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. पण आता पाहा: चित्रात चामखीळ आहे, पाणी तपकिरी आहे आणि खाली पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस सही करून, तारीख घालून सांगतो आहे, की हे सगळं प्रत्यक्षाशी ताडून पाहिलं आणि बरोबर आहे.

चौथ्या दिवशी नोटीस आली. ‘सदर चित्र कोणत्या प्रत्यक्षाशी, कोणत्या दिवशी व कोणाच्या परवानगीने ताडून पाहिले, याचा सात दिवसांत समक्ष खुलासा करावा.’ मला प्रश्न इतका रास्त वाटला, की क्षणभर लिहिणाऱ्याचं कौतुकच वाटलं. चौतीस वर्षांत हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

सल्लागार म्हणाले, घाबरू नका, सगळं कबूल करा आणि कागद दाखवा. कागद दाखवला की सरकार निवळतं. मलाही ते पटलं. मी कागदांचा माणूस. आपल्यापाशी मूळ आहे, वही आहे, मग भ्यायचं कशाला? मी इस्त्री केलेला सदरा घालून, वही काखेत मारून चौकशी कचेरीत गेलो.

चौकशी अधिकारी अतिशय सभ्य होते. बारीक अंगाचे, हळू आवाजाचे. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि मी सत्तर वर्षांपूर्वीचं साप्ताहिक, दोरे, कसर हे सगळं अर्धा तास सांगत असताना एकदाही मध्ये बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, अशा प्रती एकंदर किती? मी म्हटलं घरची धरून बारा, आणि माझा कारभार किती चोख आहे हे कळावं म्हणून वही त्यांच्यापुढे उघडली. नावं, पत्ते, तारखा. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, की असं स्वच्छ काम हल्ली पाहायला मिळत नाही. मी चक्क लाजलो. वही त्यांनी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी अकरा घरांची दारं वाजली. चित्रं तर नेलीच, भिंतीतले खिळेही काढून नेले. प्रत क्रमांक सात ज्याच्या नावावर होती तो शिंपी आठ दिवस परत आला नाही. आला तेव्हा लंगडत होता आणि दुकान उघडल्यावर त्याने पहिलं काम केलं ते माझा शिवायला टाकलेला पायजमा न शिवता परत पाठवण्याचं. सल्लागारांना दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. ते घरी आले तेव्हा मी समोरच्या दारात उभा होतो. मी काहीतरी बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. ज्या माणसाला माझ्या पोटापासून माझ्या मुलीच्या लग्नापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत होतं, त्याने त्या दिवसापासून मला एकही सल्ला दिलेला नाही. मला त्याची इतकी लाज वाटते, की मी जिना उतरताना आधी कानोसा घेतो.

आता मूळ दाखवणं एवढाच मार्ग होता. मी धावत ग्रंथालयात गेलो. कपाटात त्या जागी फट होती, दोन बोटं रुंद. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, की असा खंड इथे नव्हता. मी हजेरीची वही काढायला लावली. चाळीस दिवस माझी सही होती. समोरच्या रकान्यात, जिथे पुस्तकाचं नाव लिहितात, तिथे कागद खरवडलेला होता. इतका, की उजेडाकडे धरला तर आरपार दिसावं.

“बाई, तुम्ही स्वतः पानं उलटलीत,” मी म्हटलं.

“तुम्ही पेपर वाचायला यायचात,” त्या म्हणाल्या. त्यांनी वही मिटून छातीशी धरली. मग अगदी हळू म्हणाल्या, “माझी अजून सहा वर्षं आहेत हो.”

मला त्यांचा राग येईना. यायला हवा होता असं आजही वाटतं, पण आला नाही.

सातव्या दिवशी मी पुन्हा त्या सभ्य माणसासमोर बसलो. त्यांनी चहा मागवला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: चित्र तुम्ही स्वतः रचलं म्हणाल तर तो अध्यक्षांचा अपमान आहे आणि त्याला शिक्षा आहे. प्रत आहे म्हणाल तर मूळ दाखवा. मूळ नाही. तेव्हा तुमची अडचण त्यांना समजते आणि त्यांनी तुमच्यासाठी एक कागद तयार करून ठेवला आहे. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. टंकलिखित, दोन्ही बाजूंना समास सोडलेला, एकही चूक नाही. त्यात लिहिलं होतं, की असं कोणतंही साप्ताहिक कधी निघत नव्हतं. असं चित्र कधी कोणी काढलेलं नव्हतं. अशा नावाचा चित्रकार या शहरात होऊन गेला नाही. त्या नावाचे एक गृहस्थ होते, ते कारकून होते. मला वाढत्या वयामुळे भास झाला आणि झाल्या प्रकाराचा खेद आहे.

‘कारकून’ हा शब्द त्यांना कुठून मिळाला असेल, याचा मी अजून विचार करतो. बहुधा जुन्या एखाद्या फायलीत तो आधीपासूनच असेल, आजीने असाच कुठेतरी सही करून दिलेला.

मी म्हटलं, “आणि सही केली नाही तर?”

त्यांनी माझा चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, “तुमची मुलगी नगरपालिकेच्या शाळेत शिकवते ना? फार चांगलं शिकवते म्हणे. अजून कायम झालेली नाही, नाही का?” आणि त्यांनी स्वतःचं पेन उघडून माझ्यासमोर ठेवलं.

मी सही केली. मागेपुढे पाहिलं, पण केली. त्यांनी कागद उचलला, वाचला आणि परत खाली ठेवला. म्हणाले, “ते तुमचं वाक्यही लिहा की कोपऱ्यात. तुमच्या हातचं असलं म्हणजे पक्कं होतं.” हात आयुष्यभर आपोआप त्या कोपऱ्याकडे गेला होता. त्या दिवशी तो जाईना. मला तो दुसऱ्या हाताने धरून न्यावा लागला. लिहिलं. बरोबर आहे म्हणून लिहिलं. दिनांक घातला.

माझ्याबरोबर दोन माणसं घरी आली आणि प्रत क्रमांक एक भिंतीवरून काढून घेऊन गेली. बायकोने त्यांना स्टूल आणून दिलं, हात पोचत नव्हता म्हणून. ती माणसं गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, कागदात काय होतं तेही शब्द न गाळता. लपवता आलं असतं. पण प्रतीत काही गाळायचं नाही, ही सवय आडवी आली.

तिने ऐकून घेतलं. भिंतीवर जिथे चित्र होतं तिथे भिंतीचा जुना रंग चौकोनी उठून दिसत होता, त्याकडे पाहत म्हणाली, “मला जन्मभर आजीचा राग आला. आता येत नाही.”

माझी बाजू घेऊन ती हे बोलली, हे मला कळत होतं. पण याहून मोठा मार मला कोणी दिलेला नाही. मी तिला तिचे आजोबा चाळीस दिवस खपून आणून दिले होते आणि एका सहीत परत नेऊन दिले. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. तिने पाणी आणून दिलं, भांड्यात होतं तेवढं, तपकिरी.

त्यानंतरचा आठवडा आम्ही दोघं घरात वावरत होतो एवढंच. एका दुपारी, नळ येण्याची वाट पाहत बसलेलो असताना, मी कागद घेतला. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. समोर मूळ नव्हतं, दोऱ्यांची चौकट त्यांनी नेली होती, वही नेली होती. पण बारा वेळा काढलेला टब हाताला पाठ होता. टब आला. चौथरा आला. रांग आली, घागरी आल्या. या वेळी रांगेत मी पुढे लंगडणारा एक शिंपी काढला, मग दार लावून घेतलेला एक म्हातारा, मग वही छातीशी धरलेल्या एक बाई. ते मुळात नव्हते. मूळच नव्हतं, तसं मी लिहून दिलेलं होतं. अंगठा आला, नखासकट, आणि तो काढताना मी फार वेळ घेतला.

चेहऱ्यापाशी अडलो. तो जुना चेहरा, आजेसासऱ्यांनी काढलेला, मला काही केल्या आठवेना. डोळे मिटले तरी आठवेना. आठवत होता तो दुसराच. हल्लीचा, पेपरात रोज येणारा. मग मी तोच काढला. तीन हनुवट्या, टक्कल, आणि डाव्या नाकपुडीशेजारी एक ठिपका. आता ते कसरीचं भोक नव्हतं. ती चामखीळ होती आणि ती मी माझ्या मनाने काढली होती. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी जाणूनबुजून काढलेली माझी पहिली रेघ म्हणायची तर ती, चांगली वाटोळी, वर एक केस असलेली.

बायको मागे येऊन उभी राहिलेली मला कळली नव्हती. तिने चित्र सगळं पाहिलं, रांगेतली माणसं एकेक करून पाहिली. नळाने तेवढ्यात घशात काही अडकल्यासारखा आवाज केला आणि तो गप्प झाला. पाणी आलं नाही. ती नळाकडे बघून आली, तिने बादली उलटी घातली, आणि मग माझ्या चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“इथलं राहिलं,” ती म्हणाली.

मुलगी पुढच्या महिन्यात कायम झाली. पेढ्यांऐवजी तिने मला रंगांचा डबा आणला. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. चित्र निरोपसमारंभात मिळालेल्या नकाशांच्या पत्र्याच्या नळकांड्यात आहे आणि नळकांडं कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. पण त्या दुपारी मी उठलो, नळाची तोटी पुरी उघडून पाहिली, हात खाली धरून पाहिला, खिडकीतून जुन्या बाजाराच्या नळापर्यंतची रांग पाहिली. परत येऊन बसलो. चौकट आखली आणि आत लिहिलं, ‘प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. बरोबर आहे.’ चौतीस वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच मी खरं लिहिलं होतं. क्रमांक घातला नाही. बायको म्हणाली सही करा, तर सहीच्या जागी मी आजेसासऱ्यांचं नाव लिहिलं आणि त्याखाली त्यांचा हुद्दा लिहिला, चित्रकार.